‘फ्री’ म्हणजे कशापासून?

इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दावरून होणारा वाद मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याच्या दोन्ही बाजू आता पाठ झाल्या आहेत. एक बाजू म्हणते, ज्या भाषेत स्वतंत्र माणसाला आणि फुकटच्या वस्तूला एकच शब्द लावतात ती भाषा ढिसाळ; आपल्याकडे बघा, मुक्त वेगळं, मोफत वेगळं, मोकळा वेगळा, रिकामा वेगळा. दुसरी बाजू म्हणते, हा नुसता किस काढण्याचा उद्योग आहे. संदर्भावरून अर्थ कळतो, कुणाचं काही अडत नाही. माझ्या मते दोघंही चुकीच्या जागी भांडत आहेत. एका शब्दाला वीस अर्थ असले म्हणून भाषेचं काही बिघडत नाही. बिघडतं तेव्हा, जेव्हा एकाच बोलण्यात एका अर्थावरून दुसऱ्यावर गुपचूप उडी मारली जाते आणि पहिल्या अर्थाची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. ही उडी पकडायला नवा शब्द लागत नाही. ‘फ्री, पण कशापासून? कुणासाठी? आणि खर्च कुणाचा?’ एवढं विचारण्याची सवय लागते, आणि तीच आपण सोडत चाललो आहोत.

आधी ढिसाळपणाचा आरोप. आपलं ‘लागणे’ हे क्रियापद घ्या. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, वेड लागतं, दार लागतं, वाटेत गाव लागतं, आणि नात्यानं कुणी आपला मामा लागतो. ‘बस लागली’ या दोनच शब्दांत गाडी फलाटावर आली असेल किंवा प्रवाशाला मळमळत असेल. यावरून मराठी ढिसाळ आहे असं कुणी म्हणेल का? ज्या ‘अर्थ’ या शब्दाचा आपण एवढा आग्रह धरतो, त्यालाच मतलब, पैसा आणि हेतू असे तीन अर्थ आहेत. ज्या ‘मोकळा’ शब्दाच्या जिवावर आपण इंग्रजीला नावं ठेवतो, तो तर ‘फ्री’इतकाच पसरट आहे: मोकळा वेळ, मोकळी जागा, मोकळे केस, मोकळं बोलणं, रडून मोकळं होणं. ‘मुक्त’चंही तेच. मुक्तछंदातला मुक्त, मुक्त विद्यापीठातला मुक्त, मुक्त हस्तातला मुक्त आणि जीवन्मुक्तातला मुक्त यांना एकाच व्याख्येत बसवायला निघालेला माणूस लवकरच हात टेकेल.

यात लाजण्यासारखं काही नाही, कारण भाषा अशाच चालतात. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकानं १९४५ मध्ये दाखवलं की जो शब्द जास्त वापरात असतो त्याला साधारणपणे जास्त अर्थ चिकटतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या संपादकांनी ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले. हाताशी असलेलं भांडं माणूस दहा कामांना वापरतो; शब्दांचंही तसंच. याउलट प्रत्येक गोष्टीला एकच नेमका शब्द देण्याचा प्रयोगही झालेला आहे. रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जॉन विल्किन्स यांनी १६६८ मध्ये अशी एक आखीव भाषा प्रसिद्ध केली. तिच्यात शब्दाच्या अक्षरांवरूनच ती वस्तू जगाच्या वर्गीकरणात कुठे बसते ते कळावं अशी योजना होती. मेहनत अफाट होती, पण ती भाषा कुणी बोललं नाही. १९३० मध्ये सी. के. ऑग्डेन यांनी उलट्या बाजूनं सुरुवात केली आणि ८५० शब्दांची सोपी इंग्रजी मांडली. क्रियापदं जेमतेम १८. मग काय झालं? सगळा भार देणं, घेणं, ठेवणं, जाणं अशा बिचाऱ्या चार-दोन क्रियापदांवर पडला आणि त्यांचे अर्थ आणखी फुगले. शब्द कमी केले की अर्थ वाढतात, आणि अर्थाला एकेक शब्द बांधून दिला की बोलणारेच उरत नाहीत. ज्यांना ‘एक शब्द, एक अर्थ’ हा नियम हवा आहे त्यांनी या दोन प्रयोगांकडे जरूर बघावं.

तरीही पहिल्या बाजूचा एक मुद्दा खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ‘फ्री’च्या दोन अर्थांनी एका चळवळीचं प्रत्यक्ष नुकसान केलं. अमेरिकन संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ या मुक्त संगणक-प्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ काढलं. त्यांचं म्हणणं असं की आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला ती हवी तशी चालवण्याचं, आतून तपासून बदलण्याचं, तिच्या प्रती वाटण्याचं आणि बदललेल्या प्रतीही वाटण्याचं स्वातंत्र्य हवं. त्यात किमतीचा संबंधच नव्हता. अशी आज्ञावली पैसे घेऊन विकायलाही त्यांची हरकत नव्हती. पण ऐकणाऱ्यानं ‘फ्री’ ऐकलं आणि ‘फुकट’ समजून घेतलं. ‘फ्री स्पीचमधला फ्री, फ्री बिअरमधला नव्हे’ हे वाक्य त्यांना पुढे दशकानुदशकं सांगत राहावं लागलं. इंग्रजी बोलणाऱ्यांनीच शेवटी फ्रेंच-स्पॅनिशमधून ‘लिब्र’ उसना घेतला, कारण त्या भाषांत स्वतंत्र आणि विनामूल्य यांना वेगळे शब्द आहेत. ज्याला स्वतःचं नाव उच्चारल्याबरोबर खुलासा द्यावा लागतो त्याची दमछाक मला समजते.

पण मग शब्द बदलून काय साधलं? १९९८ च्या फेब्रुवारीत क्रिस्टीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’, म्हणजे जिचा मूळ मजकूर सगळ्यांना खुला आहे अशी आज्ञावली, हा पर्यायी शब्द सुचवला आणि तो झपाट्यानं रूढ झाला. फुकटचा गैरसमज कमी झाला, कंपन्यांची भीती गेली. त्याच वेळी स्वातंत्र्याचा उच्चारही गेला, आणि स्टॉलमन यांची तक्रार नेमकी तीच होती. पुढे तर ‘ओपन’लाही तेच दुखणं जडलं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाल्या आल्या आणि ज्यांच्या शिक्षणासाठी वापरलेली सामग्री कुणाला दिसत नाही, ज्यांच्या वापरावर अटी आहेत, त्याही स्वतःला ‘ओपन’ म्हणवून घेऊ लागल्या. शेवटी ‘ओपन सोर्स’ची व्याख्या सांभाळणाऱ्या ‘ओपन सोर्स इनिशिएटिव्ह’ या संस्थेला ऑक्टोबर २०२४ मध्ये या क्षेत्रासाठी वेगळी व्याख्या प्रसिद्ध करावी लागली. शब्द नवा होता, कोरा होता, मुद्दाम निवडलेला होता. सव्वीस वर्षांत त्याची ही अवस्था झाली. ज्या शब्दाला लोकांच्या मनात मान मिळतो, त्याच्या सावलीत उभं राहायला गर्दी होणारच. ‘फ्री’च्या जागी कोणताही शब्द ठेवा, त्याला मान मिळाला की त्याचीही हीच गत होईल.

आता दुसरी बाजू: संदर्भ सगळं सांगतो. बहुतेक वेळा हे खरं आहे आणि ते मोकळेपणी मान्य करायला हवं. ‘फ्री किक’ ऐकून ती किती पैशांची होती असं कुणी विचारत नाही. ‘फ्री आहेस का?’ या प्रश्नाला कुणी घटनेतलं कलम सांगून उत्तर देत नाही. ‘फ्रीलान्स’ या शब्दात मुळात भाला आहे हे माहीत नसलं तरी काम करता येतं. वॉल्टर स्कॉट यांनी १८१९ च्या कादंबरीत कोणत्याही सरदाराशी न बांधलेल्या भाडोत्री भालाइतांसाठी तो शब्द वापरला होता. भौतिकशास्त्रातल्या ‘फ्री फॉल’मध्ये वस्तू गुरुत्वाकर्षणाच्या पुरती ताब्यात असते; ती ‘फ्री’ असते ती बाकीच्या बलांपासून. विद्यार्थ्याला हे एकदा सांगितलं की कळतं.

पण या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. बोलणाऱ्याला तुमचा गैरसमज झालेला नको असतो. संदर्भ मदतीला येतो तो अशाच वेळी. समोरच्याला तुमचा गैरसमज हवाच असेल तर? तेव्हा संदर्भही तोच रचतो. फेसबुकच्या नोंदणीच्या पानावर वर्षानुवर्षं एक ओळ होती: हे फ्री आहे आणि नेहमीच राहील. २०१९ मध्ये ती ओळ काढून तिथे ‘झटपट आणि सोपं’ अशा अर्थाची ओळ आली. आधीची ओळ खोटी होती का? पैसे घेतले जात नव्हते, म्हणजे एका अर्थानं खरी होती. पण माणसाचं लक्ष, त्याच्या आवडीनिवडी, त्याची ओळखीची माणसं, हे सगळं जाहिरातदारांच्या कामी येत होतं, आणि ‘फ्री’ या शब्दानं त्या व्यवहारावर मोकळ्या हवेचा वास सोडला होता. तिथे संदर्भ कुणी सांगायचा होता?

सरकारांना हे फार पूर्वी कळलं. अमेरिकेच्या ‘फेडरल ट्रेड कमिशन’नं १९७१ मध्ये ‘फ्री’ हा शब्द जाहिरातीत कसा वापरावा यावर चक्क स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. एका वस्तूवर दुसरी फ्री असं म्हणायचं असेल तर पहिलीची नेहमीची किंमत वाढवून दुसरीचा खर्च वसूल करता येणार नाही, आणि अटी असतील तर त्या सुरुवातीलाच, ठळकपणे सांगायच्या. एका शब्दासाठी एवढा खटाटोप का करावा लागला, याचं उत्तर ‘संदर्भावरून कळतं’ म्हणणाऱ्यांनी द्यायला हवं. खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर तर ‘फ्री’चा अर्थ शून्य असाही उरलेला नाही. ‘ग्लुटेन-फ्री’साठी आंतरराष्ट्रीय मानकात आणि अमेरिकी नियमात मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅमची. अमेरिकेत ‘शुगर-फ्री’ म्हणजे एका वाढपात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी साखर. मला या आकड्यांबद्दल तक्रार नाही, उलट आदर आहे. कशापासून फ्री आणि किती फ्री, हे दोन्ही प्रश्न तिथे विचारले गेले आणि उत्तर छापलं गेलं. शब्द तोच राहिला आणि प्रामाणिक झाला. मला सगळीकडे हवं आहे ते एवढंच.

राजकारणात मात्र असं वेष्टन नसतं, आणि तिथे या शब्दानं फार मोठी किंमत घेतली आहे. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेनंतर आफ्रिकेच्या मध्यावर ‘काँगो फ्री स्टेट’ उभं राहिलं. मुक्त व्यापार होईल, गुलामीचा व्यापार मोडला जाईल, अशी ग्वाही होती. प्रत्यक्षात तो मुलूख बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता झाला. रबरासाठी वेठबिगारी, ओलीस धरलेली कुटुंबं, तोडलेले हात. हे उघड कसं झालं? जहाज कंपनीत कारकुनी करणाऱ्या ई. डी. मोरेल यांनी अँटवर्पच्या बंदरात हिशेब पाहिले. काँगोतून रबर आणि हस्तिदंत भरभरून येत होतं, परत जाताना जहाजांत प्रामुख्यानं बंदुका आणि दारूगोळा होता. व्यापार मुक्त असेल तर मोबदला म्हणून काय जातं, हा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नातून उभ्या राहिलेल्या मोहिमेच्या रेट्यानं १९०८ मध्ये तो मुलूख राजाकडून काढून बेल्जियमच्या सरकारकडे गेला. आणि जे म्हणतात की वेगळे शब्द असते तर हे घडलं नसतं, त्यांच्यासाठी एक तपशील: फ्रेंचमध्ये त्या राज्याच्या अधिकृत नावात ‘फ्री’ नव्हतंच, ‘स्वतंत्र’ असा स्पष्ट, एकमार्गी शब्द होता. हात तेवढेच तोडले गेले.

कधी कधी हीच संदिग्धता दोन्ही पक्षांना सोयीची वाटते, हेही मान्य करायला हवं. १९२१ मध्ये आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यात बोलणी चालू होती. ‘प्रजासत्ताक’ हा शब्द ब्रिटिशांच्या पचनी पडणं शक्य नव्हतं. पण त्यासाठी आयरिश भाषेत जो एक शब्द वापरात होता त्याचा शब्दशः अर्थ ‘मुक्त राज्य’ असा होत होता. इंग्रजीत ‘फ्री स्टेट’ लिहिलं की लंडनला राजा कायम राहिल्याचं समाधान आणि डब्लिनला आयरिश नाव तेच राहिल्याचं. वाटाघाटीत अशी पळवाट उपयोगी पडते, मी नाकारत नाही. पण कशापासून मुक्त, हे तेव्हा शब्दाआड झाकलं गेलं तरी राजाच्या निष्ठेच्या शपथेच्या रूपानं ते पुन्हा वर आलंच, आणि त्या करारावरून १९२२-२३ मध्ये आयरिश माणसं एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली. शब्दात लपवलेलं भांडण संपलेलं नसतं.

या प्रश्नाची सर्वांत नेटकी मांडणी मला लिंकन यांच्या एप्रिल १८६४ मधल्या बाल्टिमोरच्या भाषणात दिसते. यादवी युद्ध चालू होतं आणि दोन्ही बाजू स्वातंत्र्याचाच जप करत होत्या. लिंकन म्हणाले, मेंढपाळ लांडग्याला मेंढीच्या गळ्यापासून हाकलतो. मेंढी त्याला तारणहार म्हणते आणि लांडगा त्याच कृत्यासाठी त्याला स्वातंत्र्याचा वैरी म्हणतो. दोघांनी एकच शब्द वापरला आहे. त्यावर तोडगा म्हणून लिंकन यांनी तो शब्द टाकून द्या असं म्हटलं नाही. कुणाच्या गळ्याचा प्रश्न आहे, ते त्यांनी दाखवलं.

इथे काहीजण शब्दाचा मूळ अर्थ काढतात, म्हणून त्याबद्दल थोडं. ‘फ्री’ची व्युत्पत्ती आपल्याला फार जवळची आहे. ज्या मुळातून संस्कृतात ‘प्रिय’ आला त्याच मुळातून जर्मन कुळातल्या भाषांत ‘फ्री’ आला, आणि ‘फ्रेंड’ही. घरातली आपली, जिव्हाळ्याची माणसं ती ‘फ्री’; जे घरात राबत पण घरचे नव्हते, ते गुलाम. लॅटिनमध्येही स्वतंत्र माणसाचा शब्द आणि घरच्या मुलाबाळांचा शब्द एकमेकांशी जुळतात. मला हे फार सुंदर वाटतं. आज आपण ‘फ्री’ म्हणजे कुणाशी काही देणंघेणं नसलेला असं समजतो. मुळात तो कुणाचातरी आपला असलेला माणूस होता. तरीही यावरून ‘खरा अर्थ हाच’ असं मी म्हणणार नाही. शब्दाचं मूळ हा त्याचा इतिहास असतो, त्याच्यावरचा हुकूम नसतो. हजारो वर्षं माणसं ज्या वाटेनं गेली, शब्द त्याच वाटेनं गेला.

मग करायचं काय? उत्तर इंग्रजीच्या व्याकरणातच पडलेलं आहे. ६ जानेवारी १९४१ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी चार स्वातंत्र्यं सांगितली: बोलण्याचं, उपासनेचं, अभावापासून आणि भयापासून. पहिल्या दोहोंना ‘चं’ आहे, पुढच्या दोहोंना ‘पासून’. पहिल्या दोन ठिकाणी सरकारनं हात आवरावा एवढी अपेक्षा आहे. पुढच्या दोन ठिकाणी कुणालातरी हात लावून काम करावं लागणार आहे, खर्च करावा लागणार आहे. तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन यांनी १९५८ मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात स्वातंत्र्याच्या दोन कल्पनांची फोड केली, तिच्यावर आजही ग्रंथ लिहिले जातात. पण त्या चर्चेचं बीज दोन छोट्या शब्दयोगी अव्ययांत आहे. ते अव्यय गाळलं की भांडण सुरू होतं. २०१५-१६ मध्ये भारतात फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ या योजनेवरून असाच वाद झाला. मोजकी संकेतस्थळं विनामूल्य देऊ असं एक बाजू म्हणत होती, इंटरनेट कुणाच्या निवडीत अडकता कामा नये असं दुसरी. दोघांच्या तोंडी एकच शब्द होता. एकीला तो पैशांपासून हवा होता, दुसरीला द्वारपालापासून. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामकानं मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला मनाई केली. गरिबाला काहीच न मिळण्यापेक्षा थोडं मिळालेलं बरं, हा विरुद्ध बाजूचा मुद्दा हलका नव्हता. पण तो ‘थोडं, पण विनामूल्य’ अशा शब्दांत मांडला असता तर त्यावर नीट बोलता आलं असतं.

मराठीची खरी जमेची बाजू मला इथे दिसते, शब्दांच्या संख्येत नाही. ‘मुक्त’ म्हटलं की कान ‘पासून’ किंवा ‘तून’ शोधतो. ‘मोफत’ म्हटलं की ‘कुणाला?’ हा प्रश्न येतो. ‘फुकट’मध्ये तर निवाडाच भरलेला आहे, वेळ फुकट गेला, जन्म फुकट गेला. ‘विनामूल्य’मध्ये आदर आहे. हे सगळे शब्द आपण बाजूला सारतो आणि सुटासुटा ‘फ्री’ घेतो, ज्याला ना विभक्ती ना अव्यय. परभाषेतला शब्द घेण्याला माझा विरोध नाही. मोफतही फारसीतूनच आला. पण तो येताना प्रश्न घेऊन आला, आणि ‘फ्री’ प्रश्न बाहेर ठेवून आत येतो.

मी पोटापाण्यासाठी अनुवाद करतो. मागे एका ॲपच्या मजकुरात ‘हे ॲप फ्री आहे’ एवढीच ओळ होती. मी विचारून पाठवलं: पैसे लागत नाहीत असं म्हणायचं आहे, जाहिराती नाहीत असं म्हणायचं आहे, की आज्ञावली कुणालाही बदलता येते असं? उत्तर आलं, ‘फ्री’च ठेवा, लोकांना कळतं. मी अटी वाचल्या आणि लिहिलं, ‘पैसे लागत नाहीत, माहिती द्यावी लागते.’ छापून आलं तेव्हा त्या जागी ‘फ्री’ होतं.